एक्स्टर्नल हार्ड ड्राइव्ह मधेच गायब होतो, पुन्हा दिसतो, पुन्हा जातो: दोष नेमका कुठे शोधायचा

फाइल कॉपी होत असते. पट्टी निम्म्याच्या पुढे गेलेली असते आणि अचानक ड्राइव्ह काढल्याचा आवाज येतो. केबलला कोणी हातही लावलेला नसतो. दोन-तीन सेकंदांनी ड्राइव्ह जोडल्याचा आवाज येतो, फोल्डरची खिडकी पुन्हा उघडते, पण कॉपी अर्ध्यात तुटलेली असते. पुन्हा सुरू करावी तर दहा मिनिटांनी तेच. एखाद्या दिवशी काहीच होत नाही, वाटतं गेली कटकट. आणि पुढच्या आठवड्यात ती परत हजर.

ही तक्रार घेऊन लोक माझ्याकडे येतात तेव्हा ड्राइव्ह खराब झाला असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलेलं असतं. माझा अनुभव तसा नाही. आतली तबकडी आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये पोर्ट, कधी हब, केबल, केबलची दोन टोकं आणि केसिंगमधलं छोटं सर्किट असे बरेच सांधे असतात. अधूनमधून होणारी तुटातूट बहुतेक वेळा यांपैकी एखाद्या सांध्यात सापडते. म्हणून मी नेहमी बाहेरून आत जातो: आधी वीज, मग केबल, मग कॉम्प्युटरच्या सेटिंग्ज, आणि सगळ्यात शेवटी तबकडी. हा क्रम सोयीचा आहे म्हणून नव्हे, तर बाहेरच्या गोष्टी तपासताना डेटाला धक्का लागत नाही म्हणून.

आधी एक पथ्य

दोष सापडेपर्यंत त्या ड्राइव्हवर काहीही लिहायचं नाही. नवीन फाइल नाही, फॉरमॅट नाही आणि दुरुस्तीची कमांडसुद्धा नाही.

हे मी किंमत मोजून शिकलो. आत्याच्या ड्राइव्हवर घरातले सगळे जुने फोटो होते. अल्बममधून एकेक काढून तिने स्वतः स्कॅन केलेले, वर्षानुसार आणि प्रसंगानुसार फोल्डर लावलेले. ड्राइव्ह मधेच जायचा-यायचा, आणि एक दिवस विंडोजने विचारलं की हा ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करावा लागेल, करायचा का? फॉरमॅटला नाही म्हणण्याइतकं मला कळत होतं. पण त्यानंतर मी 'सीएचकेडीएसके' ही तपासणीची कमांड 'स्लॅश एफ' लावून चालवली, म्हणजे तिला दुरुस्तीची परवानगी दिली. खरा दोष केबलमध्ये होता. वाचन अर्धवट येत होतं आणि कमांड त्या अर्धवट वाचनावर विश्वास ठेवून नोंदी तोडत गेली. शेवटी ड्राइव्हवर 'फाउंड.०००' नावाचं फोल्डर उरलं, आत नुसते क्रमांक दिलेले तुकडे. बरेच फोटो त्यातून उघडता आले, पण आत्याने दिलेली नावं आणि तिने लावलेले फोल्डर परत आले नाहीत.

ही कमांड वाईट नाही. तिचं काम ड्राइव्हवरच्या नोंदवहीचा हिशेब जुळवणं हे आहे. तुमचे फोटो वाचवणं हे तिचं काम नाही. नोंदवहीचं एखादं पान वाचता आलं नाही तर ती ते पान बाद करते आणि बाकीचा हिशेब जुळवते. म्हणून वीज आणि केबलची जोडणी पक्की नसताना ती चालवायची नाही. आणि 'फॉरमॅट करायचा का' या प्रश्नाचा अर्थ एवढाच असतो की विंडोजला ड्राइव्हवरची फाइल सिस्टम, म्हणजे फाइल मांडून ठेवण्याची पद्धत, ओळखता आली नाही. आतला डेटा गेला असं तो प्रश्न म्हणत नाही. मधेच वीज कमी पडली तरी तो येतो, आणि मॅकवर तयार केलेला धडधाकट ड्राइव्ह विंडोजला लावला तरी येतो. उत्तर एकच: कॅन्सल.

ड्राइव्ह मधूनमधून का होईना पण चालत असेल, तर आधी त्यातलं सगळ्यात मोलाचं बाहेर काढा. अख्खा ड्राइव्ह एकदम ओढायचा नाही. ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही अशी लहान फोल्डरं आधी, मग मोठी, आणि सिनेमे वगैरे शेवटी. वाचायला हरकत नाही, पथ्य लिहिण्याचं आहे.

वीज पुरते का?

२.५ इंची, म्हणजे खिशात मावणाऱ्या ड्राइव्हला वेगळा ॲडॉप्टर नसतो. त्याची सगळी वीज यूएसबी पोर्टमधूनच येते. यूएसबी २.० च्या मानकानुसार एका पोर्टमधून ५ व्होल्टला ५०० मिलीअँपिअर मिळायला हवेत, यूएसबी ३.० मध्ये ९००. तबकडी एकदा फिरायला लागली की भागतं, पण थांबलेली तबकडी वेगात आणताना पहिले काही क्षण जास्त जोर लागतो आणि अनेक ड्राइव्हची मागणी तेव्हा १ अँपिअरच्या आसपास जाते. चांगला पोर्ट हा क्षण निभावून नेतो. जुना पोर्ट, लांब केबल, बॅटरीवर चाललेला लॅपटॉप आणि बाजूला मोबाइल चार्जिंगला लावलेला, असं सगळं एकत्र आलं की निभत नाही.

विजेचा दोष ओळखण्याच्या खुणा बऱ्यापैकी ठळक असतात. ड्राइव्ह लावल्यावर दिवा लागतो, तबकडी फिरायला लागल्याचा बारीक आवाज येतो, मग एक टक् असा आवाज होऊन सगळं थांबतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. हा टक् ऐकून लोक घाबरतात, कारण मरणाऱ्या ड्राइव्हचाही आवाज असाच असतो असं त्यांनी ऐकलेलं असतं. पण व्होल्टेज खाली गेलं की ड्राइव्ह आपलं हेड, म्हणजे वाचणारं-लिहिणारं टोक, तबकडीवरून उचलून बाजूला नेऊन ठेवतो, तो त्याचा स्वतःला वाचवण्याचा उपाय आहे, आणि आवाज त्याचा असतो. त्यामुळे कमी विजेवर ऐकलेल्या आवाजावरून ड्राइव्हला मृत ठरवू नका. आधी भरपूर वीज द्या, मग ऐका.

ती कशी द्यायची? लॅपटॉप चार्जरला लावा. हब काढून ड्राइव्ह थेट कॉम्प्युटरला जोडा. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टऐवजी मागचा वापरा. मागचे पोर्ट सरळ मदरबोर्डवर बसवलेले असतात, पुढच्या पोर्टपर्यंत कॅबिनेटच्या आतून आणखी एक वायर जाते आणि तो एक सांधा वाढतो. बाकीची यूएसबी साधनं थोडा वेळ काढून ठेवा. हब हवाच असेल तर स्वतःचा ॲडॉप्टर असलेला घ्या. ॲडॉप्टर नसलेला हब कॉम्प्युटरच्या एकाच पोर्टची वीज सगळ्यांत वाटतो, आणि अशा हबवर दोन ड्राइव्ह लावून ते नीट चालतील ही अपेक्षा चुकीची आहे.

३.५ इंची मोठ्या ड्राइव्हला १२ व्होल्टचा वेगळा ॲडॉप्टर लागतो, आणि तिथे संशय आधी ॲडॉप्टरवर घ्यावा. हे ॲडॉप्टर एका दिवसात बंद पडत नाहीत, हळूहळू कमजोर होतात. तबकडी फिरते, ड्राइव्ह दिसतो, छोट्या फाइल उघडतात. मोठी कॉपी लावली की दम तुटतो. दुसरा ॲडॉप्टर लावून पाहताना मात्र त्यावर छापलेलं व्होल्टेज आणि पिनची दिशा तंतोतंत जुळली पाहिजे, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. सारखीच पिन असलेला १९ व्होल्टचा लॅपटॉप ॲडॉप्टर चुकून लावल्याने ड्राइव्हचं सर्किट जळू शकतं. घरात चार-पाच काळे ॲडॉप्टर एका खणात पडलेले असतील तर प्रत्येकावर कोणत्या यंत्राचा ते आजच लिहून चिकटवा.

केबल: सगळ्यात जास्त दोषी, सगळ्यात कमी संशयित

केबल बाहेरून कधीच आजारी दिसत नाही, त्यामुळे लोक नवा ड्राइव्ह आणतात पण केबल तीच वापरतात.

बहुतेक खिशातल्या ड्राइव्हना रुंद, चपटं, मधे खाच असलेलं टोक असतं. त्याला मायक्रो-बी म्हणतात. ते दोन भागांचं असतं: एक भाग यूएसबी २.० च्या तारांचा, दुसरा ३.० साठी वाढवलेल्या तारांचा. हे टोक ड्राइव्हमध्ये फार घट्ट बसत नाही. ड्राइव्ह लॅपटॉपच्या बाजूला लटकत ठेवणं, केबल ड्राइव्हभोवती गुंडाळून पिशवीत कोंबणं, यांनी त्याच्या आतल्या पिना सैल होतात. मग टेबलाला धक्का लागला तरी संपर्क तुटतो.

याची परीक्षा सोपी आहे. ड्राइव्ह सपाट जागी ठेवा, त्यावर काही लिहिलं जात नाही ना याची खात्री करा, कॉम्प्युटरवर त्यातलं एखादं फोल्डर उघडून ठेवा आणि केबल टोकापाशी बोटाने अगदी हलकी डावी-उजवीकडे करा. ड्राइव्ह हलवायचा नाही, फक्त केबल. तेवढ्याने ड्राइव्ह गेला तर दोष तिथेच आहे. केबल बदलून हीच परीक्षा पुन्हा करा. नव्या केबलनेही गेला तर ड्राइव्हवरचं सॉकेट सैल झालंय, आणि ते डाग देऊन पक्कं करणं हे जाणकाराचं काम आहे.

दुसरी परीक्षा वेगाची, आणि ती मला जास्त आवडते कारण ती आकड्यात बोलते. एक मोठी फाइल ड्राइव्हवरून कॉम्प्युटरवर आणा आणि वेग पाहा. यूएसबी ३.० वर लावलेला आजचा फिरता ड्राइव्ह मोठी फाइल वाचताना साधारणपणे सेकंदाला १०० मेगाबाइटच्या वर जातो. तो सतत ३० ते ४० मेगाबाइटवर अडकून राहत असेल, तर जोडणी यूएसबी २.० वर घसरली आहे. यूएसबी २.० ची कमाल मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट आहे, आणि प्रत्यक्षात तिच्यातून एवढंच बाहेर पडतं. पोर्ट ३.० चा आणि ड्राइव्हही ३.० चा असताना असं होत असेल, तर मधल्या केबलच्या जादा तारांपैकी एखादी तुटलेली किंवा सैल आहे. आज ती फक्त वेग खातेय, उद्या जोडणी तोडेल.

टाइप-सी केबलचा घोटाळा आणखी मोठा, कारण सगळ्यांची टोकं एकसारखी. मोबाइलबरोबर आलेली टाइप-सी केबल चार्जिंगसाठी उत्तम असते, पण डेटासाठी तिच्यात बऱ्याचदा फक्त यूएसबी २.० च्या तारा असतात. काही स्वस्त केबलमध्ये तर डेटाच्या तारा मुळीच नसतात. ड्राइव्हचा दिवा लागतो, तबकडी फिरते आणि कॉम्प्युटरला काहीच दिसत नाही. दिवा लागतो पण ड्राइव्ह दिसत नाही अशी तक्रार आली की माझा पहिला प्रश्न असतो: केबल ड्राइव्हबरोबर आलेलीच आहे का? ड्राइव्हला लांब केबल वापरू नका. अर्धा मीटरपर्यंत ठीक. एक्स्टेन्शन केबल जोडून लांबी वाढवणं म्हणजे आणखी एक सैल सांधा विकत घेणं.

जाता जाता एक: ड्राइव्ह लावला की वायरलेस माउस अडखळतो, असं होत असेल तर तो भास नाही. यूएसबी ३.० च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट पसरतो, आणि इंटेलने २०१२ मध्ये त्यावर सविस्तर टिपण काढलं होतं. माउसचा रिसीव्हर ड्राइव्हपासून दूरच्या पोर्टमध्ये लावा, भागतं.

कॉम्प्युटरच ड्राइव्हला झोपवतो तेव्हा

वीज आणि केबल नीट असूनही ड्राइव्ह जातो, आणि जातो तो बहुतेक वेळा काम चालू नसताना, चहा पिऊन परत येईपर्यंत. तर मग वीज वाचवण्याच्या सेटिंग्जकडे वळा.

विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन चालू प्लॅनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज उघडा. तिथे 'यूएसबी सेटिंग्ज'खाली 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' असतं, ते डिसेबल करा. काही लॅपटॉपवर हा पर्याय दिसतच नाही. तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स'खाली जेवढे 'यूएसबी रूट हब' दिसतील त्या प्रत्येकाच्या प्रॉपर्टीजमधला 'पॉवर मॅनेजमेंट' टॅब उघडा आणि वीज वाचवण्यासाठी हे साधन बंद करायची परवानगी देणारी खूण काढा. एकच काढून थांबू नका. ड्राइव्ह कोणत्या हबवर आहे हे आपल्याला माहीत नसतं. मॅकवर सिस्टम सेटिंग्जमध्ये शक्य तेव्हा हार्ड डिस्क झोपवण्याचा पर्याय असतो, तो बंद करा.

याच्याशी घोळ होतो तो एका निरुपद्रवी गोष्टीचा. अनेक ड्राइव्ह काही मिनिटं काम नसलं की स्वतःहून तबकडी थांबवतात. परत फोल्डर उघडताना खिडकी पाच-दहा सेकंद गोठते, तबकडी फिरल्याचा आवाज येतो आणि मग सगळं सुरळीत. हा दोष नाही. ड्राइव्ह काढल्या-जोडल्याचा आवाज आला तरच ती तुटातूट, नुसती खिडकी थांबली तर ती झोप.

कॉम्प्युटरने लिहून ठेवलेलं वाचा

अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे लवकर करायला हवं होतं असं मला प्रत्येक वेळी वाटतं. विंडोज प्रत्येक घटनेची नोंद ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, 'विंडोज लॉग्ज'मधलं 'सिस्टम' निवडा आणि ड्राइव्ह गेला त्या मिनिटाच्या नोंदी पाहा. 'डिस्क' या स्रोताच्या नोंदींचे क्रमांक बोलके असतात. १५७ म्हणजे डिस्क अचानक काढली गेली. कोणी हात लावला नसताना ही नोंद असेल तर वीज किंवा केबल, पुन्हा तिकडे जा. १५३ म्हणजे वाचण्या-लिहिण्याचा प्रयत्न पुन्हा करावा लागला. ही दोन्हीकडे बोट दाखवते. आणि ७ म्हणजे बॅड ब्लॉक, तबकडीवरची खराब जागा. ७ वारंवार दिसू लागली तर केबलच्या परीक्षा थांबवा आणि डेटा काढायला लागा.

लिनक्सवर हेच 'डीमेसेज' या कमांडने दिसतं. तिथे एक खास प्रकार आढळतो. यूएसबी ३.० चे अनेक ड्राइव्ह यूएएस नावाच्या वेगवान पद्धतीने बोलतात, पण काही केसिंगमधल्या सर्किटांना ती नीट जमत नाही आणि जास्त काम पडलं की ती अडकून पडतात. लॉगमध्ये यूएएसचा उल्लेख आणि लागोपाठ रीसेट दिसत असतील, तर त्या ड्राइव्हपुरती यूएएस बंद करून जुनी पद्धत वापरता येते. 'यूएसबी-स्टोरेज' मॉड्यूलच्या 'क्वर्क्स' पर्यायात ड्राइव्हचा व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांक देऊन पुढे 'यू' अक्षर लावायचं. थोडा वेग जातो, पण जोडणी टिकते.

दिसतो पण उघडत नाही

ड्राइव्ह 'धिस पीसी'मध्ये नसेल तर तो कॉम्प्युटरला दिसतच नाही असं समजू नका. डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे तो असेल आणि त्याला 'डी', 'ई' असं अक्षर नसेल, तर उजवी क्लिक करून अक्षर द्या, काम झालं. ऑफिसच्या नेटवर्क ड्राइव्हने तेच अक्षर अडवून ठेवलेलं असतं तेव्हा हे हमखास होतं. अशा वेळी एक्स्टर्नल ड्राइव्हला वर्णमालेच्या शेवटाकडचं अक्षर कायमचं देऊन टाका.

डिस्क 'ऑफलाइन' असेल तर ऑनलाइन करा. पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या विभागावर, 'रॉ' (फाइल सिस्टम ओळखता आली नाही) असं लिहिलेलं असेल किंवा डिस्क 'नॉट इनिशिअलाइज्ड' म्हणत असेल, तर पथ्य आठवा. इनिशिअलाइज करायला सांगणारी खिडकी बंद करा आणि ड्राइव्ह दुसऱ्या केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून पाहा. तिथे नीट उघडला तर डेटा तिथेच काढून घ्या. न उघडल्यास 'टेस्टडिस्क' हे मोफत साधन हरवलेलं पार्टिशन शोधू शकतं, आणि त्याचाच जोडीदार 'फोटोरेक' नुसत्या फाइल वेचून काढतो. वेचलेल्या फाइल दुसऱ्याच ड्राइव्हवर ठेवायच्या, त्याच ड्राइव्हवर कधीही नाही.

इथे एक सापळा आहे. केसिंग बिघडलंय असं ठरवून लोक आतली डिस्क काढतात आणि दुसऱ्या केसिंगमध्ये घालतात. ती 'रॉ' दिसते आणि डेटा गेला असं वाटतं. काही केसिंगमधलं सर्किट डिस्कचे सेक्टर, म्हणजे डेटा साठवण्याचे छोटे कप्पे, कॉम्प्युटरला वेगळ्या मापाने दाखवतं, काही सर्किटं तर डेटा एन्क्रिप्ट करूनच, म्हणजे सांकेतिक रूपात, लिहितात, तुम्ही पासवर्ड लावलेला नसला तरी. अशा डिस्कचा डेटा त्याच जातीच्या सर्किटमागूनच वाचता येतो. आणि खिशातल्या अनेक ड्राइव्हमध्ये यूएसबीचं सॉकेट थेट डिस्कच्या बोर्डवरच असतं, म्हणजे काढून दुसरीकडे लावायला काही उरतच नाही. म्हणून खोलण्याआधी चौकशी करा, आणि जुनं केसिंग फेकू नका.

फाइल सिस्टमबद्दल थोडक्यात. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीचा ड्राइव्ह मॅकवर वाचता येतो, लिहिता येत नाही. हा बिघाड नव्हे. मॅकचे एपीएफएस आणि एचएफएस प्लस विंडोजला आपणहून वाचता येत नाहीत. एफएटी-३२ वर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल बसत नाही, जागा कितीही मोकळी असो. दोन्हीकडे वापरायचा असेल तर एक्सफॅट. पण एक्सफॅटमध्ये जर्नल (बदलांची आगाऊ नोंद) नसतं, म्हणजे लिहिताना जोडणी तुटली तर सावरायला तो एनटीएफएसपेक्षा दुबळा आहे. सतत तुटणाऱ्या ड्राइव्हवर म्हणूनच तो मला नको वाटतो. आणि १ टीबीचा ड्राइव्ह विंडोजवर ९३१ जीबी दिसतो तो फक्त मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे, कुठलीही जागा गेलेली नाही.

तबकडीच थकली असेल तर

भरपूर वीज आणि पक्की केबल देऊनही ठराविक तालात टक्-टक् आवाज येत राहिला, तर ड्राइव्ह लगेच काढा आणि पुन्हा लावू नका. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं; ते बिघडलेलं असताना तबकडी फिरवत राहणं म्हणजे उरलेला डेटा खरवडणं. इथून पुढे धूळमुक्त जागेत डिस्क उघडणाऱ्या डेटा रिकव्हरीवाल्यांचं काम. फ्रीजमध्ये ठेवून पाहा असा सल्ला अजूनही फिरतो. तो ऐकू नका. थंड तबकडीवर हवेतलं बाष्प साचतं आणि असलेली आशाही जाते.

आवाज नसेल तर स्मार्ट नोंदी, म्हणजे ड्राइव्हने स्वतःच्या तब्येतीच्या ठेवलेल्या नोंदी, पाहा. विंडोजवर 'क्रिस्टलडिस्कइन्फो', लिनक्सवर 'स्मार्टसीटीएल'. बहुतेक केसिंगमधून या नोंदी वाचता येतात. तीन ओळी महत्त्वाच्या: ५ क्रमांकाची, म्हणजे खराब ठरवून बदललेले सेक्टर, १९७, म्हणजे वाचता न आल्याने निकालाची वाट पाहणारे सेक्टर, आणि १९८, म्हणजे दुरुस्त न होणारे. यांची कच्ची संख्या शून्य असली पाहिजे. थोडी असेल आणि महिनोन्महिने तेवढीच राहिली, तर ड्राइव्ह दुय्यम कामाला चालेल. आठवड्यात वाढली तर त्याच्यावर भरवसा संपला. १९९ क्रमांकाची ओळ जोडणीतल्या चुका मोजते म्हणून लोक तिच्यावरून यूएसबी केबल दोषी ठरवतात, पण एक्स्टर्नल ड्राइव्हमध्ये ती डिस्क आणि केसिंगचं सर्किट यांच्यातल्या साटा जोडणीच्या चुका मोजते. यूएसबी केबलच्या चुका तिच्यात येत नाहीत. ती शून्य आहे म्हणून केबलला निर्दोष सोडू नका.

सेक्टर खराब असलेल्या ड्राइव्हमधून साध्या कॉपीने डेटा काढायला गेलं की ती खराब जागी डोकं आपटत बसते. त्यासाठी लिनक्सवरचं 'जीएनयू डीडीरेस्क्यू' वापरा. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अवघड जागा मागे ठेवतं, आणि कुठवर आलो याची नकाशा फाइल लिहित जातं. मधेच ड्राइव्ह गायब झाला तरी तीच नकाशा फाइल देऊन पुढे चालू करता येतं. तुटातूट होणाऱ्या ड्राइव्हसाठी याच्याइतकं समजूतदार साधन मी पाहिलेलं नाही. अशी पूर्ण प्रत हातात आली की मग 'सीएचकेडीएसके' चालवायची असेल तर त्या प्रतीच्या प्रतीवर चालवा.

काढताना अडतो तेव्हा

'हे साधन वापरात आहे' असं म्हणत विंडोज ड्राइव्ह सोडत नाही आणि वैतागून माणूस केबल ओढतो. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून एक्स्टर्नल ड्राइव्हसाठी 'क्विक रिमूव्हल' ही पद्धत मूळची लावलेली असते, म्हणजे विंडोज लिहायच्या गोष्टी साठवून ठेवत नाही. पण चालू असलेली कॉपी त्याने सुरक्षित होत नाही, म्हणून ओढू नका. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पीएनपी' स्रोताची २२५ क्रमांकाची नोंद शोधा. ड्राइव्ह कोणत्या प्रोग्रामने धरून ठेवलाय त्याचं नाव तिथे लिहिलेलं असतं. कधी अँटिव्हायरस, कधी फोटोंचा प्रोग्राम. तो बंद करा, ड्राइव्ह सुटतो. काहीच सापडलं नाही तर कॉम्प्युटर पूर्ण बंद करून मग काढा. मॅकवर एक्सफॅट ड्राइव्ह असा ओढून काढला असेल, तर पुढच्या वेळी तो लावल्यावर बराच वेळ दिसत नाही. मॅक पडद्याआड त्याची तपासणी करत असतो. मोठ्या ड्राइव्हला त्यात पुष्कळ वेळ जातो, तोवर पुन्हा काढू नका.

दोष गेला हे कसं ठरवायचं

अधूनमधून होणारा दोष एकदा झाला नाही म्हणून गेला असं होत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, पोर्ट आणि सेटिंग तिन्ही एकदम बदलली तर दोषी कोण होतं ते कळत नाही आणि ती जुनी केबल खणातून पुन्हा बाहेर येते. बदल केल्यावर, आणि मोलाचा डेटा दुसरीकडे गेल्यावर, १०० जीबीच्या आसपासचं एखादं फोल्डर ड्राइव्हवर लिहा, परत वाचा, मग ड्राइव्ह रात्रभर लावलेला राहू द्या. सकाळी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १५७ आणि १५३ शोधा. एकही नसेल तर लिहिलेल्यांपैकी एका मोठ्या फाइलचं हॅश, म्हणजे तिच्या आतल्या डेटावरून निघणारा ठसा, काढा आणि मूळ फाइलच्या हॅशशी ताडून पाहा. विंडोजमध्ये 'सर्टयुटिल'ला 'हॅशफाइल' पर्याय देऊन ते निघतं. दोन्ही हॅश जुळले, तर ड्राइव्ह आठवडाभर रोजच्या कामाला लावा आणि आठवड्याने त्याच दोन क्रमांकांसाठी लॉग पुन्हा उघडा.